खुर्च्यांनी खाल्लेले सहा गुण

एकुआ एजिर्बाच्या निळ्या खुर्च्यांवर आमच्या गावातलं प्रत्येक घराणं कधी ना कधी रडायला बसलेलं आहे. सहाशे प्लास्टिकच्या खुर्च्या, लोखंडी पाइपांचे वीस मांडव आणि ते सगळं ओढणारी एक तीनचाकी, एवढा तिचा धंदा. आमच्याकडे माणूस गेला की आठवड्याभरात घराणं एकत्र बसतं आणि कार्याचा शनिवार ठरवतं. प्रेत तोवर शीतघरात थांबतं. मग घराण्यातला कुणीतरी दारूची बाटली घेऊन एजिर्बाच्या दारात येतो. तिनं बाटली घेतली की खुर्च्या ठरल्या. घेतलेली बाटली परत करता येत नाही. केली तर तिनं मेलेल्या माणसाला बसायला जागा नाकारली असं धरतात, आणि असं एकदा झालं की पुन्हा कुणी दारात येत नाही.

या मोसमात त्याच खुर्च्यांनी तिच्या संघाचे सहा गुण खाल्ले.

संघाचं नाव पेशन्स बेबीज. पेशन्स हे तिच्या आईचं नाव. आई सेकोंडी शहराच्या बाजारात धुरावलेले मासे विकायची आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मासा परत टोपलीत टाकायची. मुलीचा स्वभाव कुठून आला हे वेगळं सांगायला नको. एजिर्बाचं वय आता पन्नाशीच्या पुढे. लहानमोठे सगळे तिला एना म्हणतात, म्हणजे आई; तिचा स्वतःचा एकुलता मुलगा बंदरावर क्रेन चालवतो आणि फुटबॉलकडे ढुंकून बघत नाही. संघ काढण्यामागे काही थोर विचार नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी खुर्च्या उचलायला येणारी पोरं रिकाम्या वेळात खुर्च्यांनाच लाथा मारायची. तीन खुर्च्यांचे पाय मोडल्यावर तिनं एकेकाचा कान पिळला आणि बाजारातून चेंडू आणला. ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मधल्या एका मोसमात तिला मैदानाबाहेर उभं राहायची शिक्षा झाली होती. लाइन्समननं ऑफसाइडचा झेंडा उचलला म्हणून तिनं खुर्ची भिरकावली होती. खुर्ची लागली नाही. "लागली असती तर झेंडा बरोबर होता म्हणायचं," असं ती अजून सांगते.

पंधरा वर्षांखालच्या मुलांची आमची लीग आता अर्ध्यावर आली आहे. बारा संघ, प्रत्येकाचे अकरा सामने झालेले. क्वामेना अबाकाचा गोल्डन स्टेप्स चोवीस गुणांवर पहिला आहे, पेशन्स बेबीज तेवीस गुणांवर दुसरा. गोल्डन स्टेप्स एकदाच हरला, तोही पेशन्स बेबीजकडून, स्वतःच्या मैदानावर, दोन-शून्य. एजिर्बाचा संघ मैदानात एकदाही हरलेला नाही. त्याचे दोन पराभव खेळलेच गेले नाहीत.

ते असे झाले. पावसाचे दिवस आले की आमच्या गल्ल्यांची गटारं होतात, अंगणात पाणी साचतं, आणि कार्यं वरच्या मैदानावर सरकतात. पार्क म्हणतो आम्ही त्याला. गावात सपाट आणि कोरडी जागा तेवढी एकच, आणि पेशन्स बेबीजचं घरचं मैदानही तेच. शुक्रवारी संध्याकाळी चारी बाजूंनी मांडव पडले, मधली मोकळी जागा नाचायला आणि हात मिळवत फिरायला ठेवली, की शनिवारी दुपारी तीनला तिथं फुटबॉल होत नाही. नियम सांगतो की यजमान संघ मैदान देऊ शकला नाही तर तीन गुण पाहुण्यांचे. पहिल्या खेपेला एका शिक्षिकेचं कार्य होतं, दुसऱ्या खेपेला एका लोहाराचं. दोन्ही वेळा पाहुण्या संघाची पोरं मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात अर्धा तास रांग लावून उभी राहिली आणि गुण घेऊन गेली. दोन्ही वेळा मांडव आणि खुर्च्या एजिर्बाच्या होत्या.

"खुर्च्या तुझ्या, मैदान तुझं," मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे, केंकी, विकणारी बाई तिला भर बाजारात म्हणाली, "मग गुण कसे गं दुसऱ्यांचे?"

"तुझं तोंड तुझं आणि केंकी तुझी," एजिर्बा म्हणाली. "तोंडात घाल."

पण प्रश्न बिनतोड होता, आणि तो तिला रात्रंदिवस चावत होता. खुर्च्या देणाऱ्या बाईनं कार्य कुठे आहे हे विचारायचं नसतं. घराणं तारीख सांगतं, जागा शेवटच्या आठवड्यात कळवतं. बारा वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं. सामने सकाळी ठेवा, कारण सकाळी सगळे चर्चमध्ये आणि दफनाला असतात आणि मांडव दुपारपर्यंत रिकामेच असतात, अशी मागणी तिनं लीगच्या समितीकडे तीन मोसम लावून धरली. समितीनं तिन्ही मोसम तिचं म्हणणं विचारात घेतलं. समितीच्या विचारात गेलेली गोष्ट अजून कुणी बाहेर आलेली पाहिलेली नाही.

तिसऱ्यांदा मैदान देता आलं नाही तर संघ लीगमधून बाद. बाद झालेल्या संघातल्या मुलांना त्या मोसमात दुसरीकडे नाव घालता येत नाही. एजिर्बाच्या अठरा पोरांपैकी चौदा जण पुढच्या मोसमापर्यंत पंधरावं ओलांडतील. म्हणजे त्यांची ही लीग इथंच संपली असती आणि मोसमाच्या शेवटी जिल्ह्याच्या संघाची निवड होते तिथं त्यांना कुणी उभंही केलं नसतं.

म्हणून एग्या बेंटिल वारले तेव्हा तिनं जन्मात पहिल्यांदा विचारलं. एग्या म्हणजे बाबा, आणि बेंटिल म्हणजे चार होड्यांचा मालक, किनाऱ्यावरचं मोठं नाव. बाटली घेऊन आलेल्या माणसाला तिनं दारातच थांबवलं.

"कुठे करणार?"

तो गोंधळला. "हे काय विचारणं, एना?"

"विचारलं. सांग."

"घराण्याच्या वाड्यात. मागचं अंगण आहे की."

"पक्कं?"

"नाना एन्याननी स्वतः सांगितलंय." नाना एन्यान हे त्या घराण्याचे प्रमुख.

तिनं बाटली घेतली. तो शनिवार म्हणजे मोसमाच्या दुसऱ्या अर्ध्याचा पहिला सामना, घरचा, आणि समोर गोल्डन स्टेप्स.

कार्याच्या आठवड्यात, सोमवारी, गावभर बेंटिलांचे फलक लागले. वर सोनेरी चौकटीत फोटो, खाली नातवंडांची यादी, आणि त्याखाली ठळक अक्षरात: दफनानंतर सर्वांनी पार्कवर जमावे. एजिर्बाची तीनचाकी चालवणारा आणि पोरांचा सराव घेणारा फीफी तो फलक वाचून तिच्याकडे गेला, आणि सांगायच्या आधी त्यानं दाराबाहेरचं घमेलं बाजूला सरकवून ठेवलं. ते तिच्या हाताला लागू नये म्हणून.

"अंगणात म्हणाले होते ना?" ती म्हणाली.

"म्हणाले होते."

"मग?"

"मग आता पार्क म्हणतायत."

घमेलं नव्हतं, तर तिनं ओट्यावरची चप्पल फेकली. फीफीला सवय आहे. तो खाली वाकला.

ती तशीच नाना एन्यानांच्या घरी गेली. अशा घरी जायची रीत असते: सोबत बोलणारा माणूस न्यायचा, पाणी प्यायचं, खुशाली विचारायची, मग आलेलं कारण त्या माणसाच्या तोंडून सांगायचं. एजिर्बा पाणी प्यायली, बाकीचं तिनं सोडून दिलं.

"नाना, मला अंगण सांगितलं होतं."

नाना एन्यान सत्तरीचे, शांत गृहस्थ. त्यांनी तिच्या उद्धटपणाकडे कानाडोळा केला. "खरं आहे. माझ्या मनात अंगणच होतं. पण क्वामेना म्हणाला, मामांना ओळखणारे लोक फार, अंगणात मावणार नाहीत. बसून तिघाचौघांशी बोलला, फलकही त्यानंच छापून आणले. चांगला मुलगा आहे. मामासाठी एवढं कोण करतं आजकाल?"

"कोण क्वामेना?"

"आमचा भाचा. अबाका. केस कापतो तो."

एजिर्बा तशीच उठून निघाली. नाना नंतर म्हणाले, भांडण न करता ती उठून गेलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली आणि तिला बरं वाटत नसावं असं त्यांना वाटलं.

आमच्याकडे घराणं आईकडून चालतं. मामाच्या कार्यात भाचा मुलापेक्षा पुढे असतो. क्वामेनाचा शब्द नानांनी मानला यात नवल काही नव्हतं. मामाच्या प्रेतावर तीन गुण कमवायची कल्पना मात्र त्याचीच. मैदान गेलं की गुण त्याचे, आणि मागोमाग असलेला एकमेव तगडा संघ लीगबाहेर.

क्वामेनाचं दुकान चौकात आहे. ती आत शिरली तेव्हा तो एका गिऱ्हाइकाच्या कानामागून यंत्र फिरवत होता.

"ये, एना, ये. केस कापायचेत?"

"तुझे कापायला आलेय."

गिऱ्हाईक हसायला लागलं आणि लगेच थांबलं. यंत्र कानापाशी होतं.

"अंगण लहान आहे असं तू सांगितलंस नानांना?"

"लहानच आहे. अख्खा किनारा येणार मामांसाठी."

"त्याच अंगणात तुझ्या आजीचं कार्य झालं तेव्हाही अख्खा किनारा आला होता. मांडव मी घातले होते. दोन रांगा रिकाम्या राहिल्या."

"तेव्हा पाऊस नव्हता."

"पावसाचं सांगू नकोस. दोन-शून्यचं सांग."

क्वामेनानं यंत्र बंद केलं. "एना, माझा मामा गेलाय. मी दुःखात आहे. दुःखातल्या माणसाशी असं बोलतात का?"

"दुःखात आहेस तर दुकान कशाला उघडलंस?"

"गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"मी काही म्हणत नाही," गिऱ्हाईक म्हणालं. "फक्त दुसरी बाजू तेवढी कापा."

क्वामेना हसला. जिंकलेल्या माणसाला गोड बोलायला काही खर्च येत नाही, तसा तो गोड बोलला. "हे बघ, तू कशाला त्रास करून घेतेस? शनिवारी माझा मदतनीस पोरांना घेऊन येईल, चर्चच्या बाजूच्या कोपऱ्यात मांडवामागे उभी राहतील, पंच खूण करेल, संपलं. कार्यातल्या कुणाला कळणारही नाही. तुझी पोरं पुढच्या वर्षी खेळतील."

"पुढच्या वर्षी ती पंधराची होतील."

"मग दाढीला माझ्याकडे पाठव."

ती दुकानातून बाहेर पडली तेव्हा समोरच्या टायरवाल्यानं तिला हाक मारली आणि तिचा चेहरा बघून हाक अर्ध्यात गिळली.

लीगचा चिटणीस एसिलफी दिवसा एका गोदामात कारकुनी करतो आणि संध्याकाळी लीग चालवतो. दोन्हीकडे तो एकाच आवाजात बोलतो. एजिर्बानं त्याला सामना सकाळी ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, सात दिवसांची नोटीस लागते. तिनं सांगितलं, फलक आजच लागलेत, सात दिवस आणायचे कुठून? तो म्हणाला, पाहुण्या संघाची संमती असेल तर नोटीस लागत नाही. तिनं विचारलं, पाहुणा कोण आहे माहीत आहे ना? तो म्हणाला, व्यक्तींविषयी तो बोलत नाही.

"मग कशाविषयी बोलतोस?"

"नियमाविषयी." आणि तिला गप्प करायला त्यानं नियम म्हणून दाखवला, पोरगं प्रार्थना म्हणतं तसा. यजमानांनी मैदान दिलं नाही, तर पाहुण्या संघानं ठरल्या वेळी गणवेशात मध्यवर्तुळात रांग लावावी, प्रशिक्षकानं स्वतः खेळाडूंची ओळखपत्रं पंचाच्या हाती द्यावीत, अर्धा तास थांबावं, आणि तीन गुण घ्यावेत. यजमान संघही रांगेत हवा. पाहुणे आले नाहीत तर सामना पुन्हा खेळवावा.

"मध्यवर्तुळात?" एजिर्बा म्हणाली.

"हो."

"माझ्या दोन्ही वेळा कोपऱ्यात उभे होते."

"हरकत कुणी घेतली नाही, म्हणून चाललं. दुःखाच्या प्रसंगी जरा समजुतीनं घ्यावं लागतं."

"आणि मदतनीसानं ओळखपत्रं दिली."

"तेही चाललं."

"या वेळी चालणार नाही. मी हरकत घेतेय. आत्ता, तुझ्यासमोर."

एसिलफीनं खांदे उडवले. "एना, उपयोग काय? अर्धा तास उभं राहायचं आहे, मध्ये काय आणि कोपऱ्यात काय."

"तू पंचाला कळव," ती म्हणाली.

पंच होते ओटू मास्तर. शाळेत गणित शिकवतात. स्वतःच्या मेव्हण्याला पिवळं कार्ड दाखवून नंतर त्याच्याच लग्नाला हजर राहिलेला माणूस. त्यांना कळवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मध्यवर्तुळ दिसेल ना? चुना मारून ठेवा."

शुक्रवारी खुर्च्या मांडून झाल्यावर एजिर्बानं पोरांना एकत्र केलं आणि उद्या काय करायचं ते सांगितलं. मग एबो नावाचा डावा बॅक म्हणाला, "एना, माझा बाप एग्या बेंटिलांच्या होडीवर जायचा. मी तिथं जर्सी घालून उभा राहिलो तर घरी माझं काय होईल?"

"मार बसेल."

"मग?"

"मग ठरव. मी कुणाला ओढून नेणार नाही. बेंटिलांच्या घराण्यातल्या दोघांनी तर यायचंच नाही, आपल्या माणसांत बसायचं. नियमाला रांगेत सातच पोरं लागतात."

फीफी तिला बाजूला घेऊन म्हणाला, "आणि आपल्याला काय बसेल?"

"आपल्याला काय बसणार? खुर्च्या भरलेल्या असतील."

तो हसला नाही. त्याचं पोट त्या तीनचाकीवर आहे. "हे लोक विसरणार नाहीत, एना. धंदा जाईल."

"जाईल," ती म्हणाली. "चुना आणलास का?"

शनिवारी दफन आटोपून लोक दुपारी पार्कवर आले. लाल आणि काळी वस्त्रं, मनगटाला लाल पट्ट्या, चारी बाजूंना भरलेल्या निळ्या रांगा. येणारा प्रत्येक जण बसलेल्यांशी हात मिळवत पूर्ण फेरी मारत होता. पितळी वाद्यांचा ताफा वाजत होता. घराण्याच्या मुख्य मांडवात नाना एन्यान, त्यांच्या बाजूला बेंटिलांच्या बहिणी, आणि पहिल्या रांगेत लाल वस्त्र खांद्यावर टाकलेला क्वामेना, आईच्या शेजारी. तीनच्या सुमाराला ओटू मास्तर पंचाच्या काळ्या पोशाखात आत आले. काळाच पोशाख, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. एका बाईनं त्यांना पाण्याची पिशवी दिली. त्यांनी ती घेतली, आभार मानले, आणि नाचणाऱ्यांमधून चालत जाऊन चुन्याच्या वर्तुळात उभे राहिले.

त्यांच्यामागून एजिर्बा आली, आणि तिच्यामागे पिवळ्या-निळ्या जर्सीतली पोरं. चौदा होती. एबोही होता.

आधी नाचणाऱ्या बायका थांबल्या. मग वाद्यं एकेक करत थांबली, तुतारी सगळ्यात शेवटी, कारण वाजवणाऱ्याचे डोळे मिटलेले होते. पोरांनी रांग लावली. ओटू मास्तरांनी शिट्टी वाजवली. कार्यात शिट्टी. आमच्या गावात हे कधी झालेलं नाही.

"हाकला तिला!" मागून कुणीतरी ओरडलं. एका म्हातारीनं भिरकावलेली सपात एजिर्बाच्या पायाशी पडली. नाना एन्याननी हात वर केला. ते स्वतः बोलले नाहीत, त्यांच्या वतीनं बोलणाऱ्या, शेजारच्या काठीवाल्यानं विचारलं, "एजिर्बा, हे काय चाललंय, असं नाना विचारतात."

"सामना आहे. तारीख मोसमाच्या सुरुवातीला ठरली होती. एग्या धडधाकट होते तेव्हा." तिचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय चारी मांडवांत गेला. "अर्धा तास उभं राहीन आणि जाईन. समोरच्या संघाला रांग लावायची असेल तर लावू दे."

"समोरचा संघ कुणाचा?"

तिनं उत्तर दिलं नाही. ते ओटू मास्तरांचं काम होतं, आणि त्यांनी ते वर्गात हजेरी घ्यावी तसं केलं. "गोल्डन स्टेप्सचे प्रशिक्षक हजर आहेत का?"

क्वामेना पायाच्या बोटांकडे बघत होता.

"क्वामेना अबाका हजर आहेत का?"

सगळे मांडव त्याच्याकडे वळले. त्याच्या आईनं सगळ्यात उशिरा मान वळवली. "तुला का विचारतायत?"

"काही नाही, आई."

तेवढ्यात चर्चच्या बाजूनं, दोन मांडवांच्या फटीतून, लाल जर्सीतली पोरं आत आली. त्यांच्या मदतनीसाला शिट्टी ऐकू आली होती आणि दुसरं काही माहीत नव्हतं. पहिल्या पोराला एवढी माणसं दिसली आणि ते जागेवर थांबलं. मागची त्याच्यावर आदळली.

"ही पोरं कुणाची?" आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "क्वामेना, माझ्या भावाच्या कार्यात तू चेंडू खेळायला पोरं बोलावलीस?"

"ती... ती उभीच राहणार होती फक्त."

"अंगण लहान पडतं म्हणालास तू," नाना एन्यान म्हणाले. काठीवाल्याची वाट न बघता, स्वतः.

क्वामेना अर्धा उठला. समोर वर्तुळ होतं, पंचवीस-तीस पावलांवर, आणि त्यात तीन गुण. मदतनीसाच्या हातात ओळखपत्रांची पिशवी होती. आईनं त्याच्या वस्त्राचं टोक धरलं. जोरात नाही, नुसतं धरलं. तो उठला असता तर ते खांद्यावरून सुटून तिच्या हातात राहिलं असतं.

"माझी नाहीत ती," क्वामेना म्हणाला आणि खाली बसला. त्यानं रुमालानं पोरांना जा अशी खूण केली. ती आली त्या फटीतून बाहेर गेली, शेवटचं मागे वळून वळून बघत.

नानांनी वाद्यांना हात केला. कार्य पुन्हा सुरू झालं, पण एजिर्बाला सोडलं नाही. बायका रांगेभोवती फेर धरून नाचल्या आणि नाचता नाचता जे तोंडाला येईल ते बोलल्या. एकीनं एबोच्या तोंडावर रुमाल झटकला. "तुझा बाप आमच्या होडीत बसून मोठा झाला रे!" दुसरीनं एजिर्बाच्या कानाशी विचारलं, तुझ्या कार्याला पण चेंडू आणू का? "आणा," ती म्हणाली, "हवा भरून आणा." ओटू मास्तर घड्याळाकडे बघत होते. पोरं घामाघूम झाली. एक रडलं, पण रांगेतून हललं नाही. अर्धा तास झाल्यावर मास्तरांनी पुन्हा शिट्टी वाजवली, पाहुणा संघ गैरहजर असं मोठ्यानं म्हणाले आणि पाण्याची रिकामी पिशवी खिशात घालून निघून गेले.

संध्याकाळी खुर्च्या उचलताना अकरा मोडलेल्या निघाल्या. त्या आपोआप मोडलेल्या नव्हत्या.

समितीला मंगळवारी निर्णय द्यावाच लागला: सामना दुसऱ्या गावात, त्रयस्थ मैदानावर पुन्हा. पेशन्स बेबीजवर तिसरा ठपका नाही. सामने सकाळी ठेवायची मागणी एजिर्बानं तिथंच चौथ्यांदा केली आणि समितीनं ती विचारात घेतली.

बेंटिल घराण्यानं तिला बोलावून दंड सांगितला, एक मेंढा आणि दोन बाटल्या. तिनं या वेळी रीतीनं बोलणारा माणूस सोबत नेला आणि दोन्ही दिलं. माफीचे शब्द तो माणूस बोलला. ती भिंतीकडे बघत होती. क्वामेनाला तेवढाच दंड झाला, शिवाय आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं. आतापर्यंत चार घराणी शेजारच्या गावातल्या खुर्चीवाल्याकडे गेली आहेत. त्याच्या खुर्च्या पांढऱ्या आहेत आणि मागे फीत बांधलेली असते. फीफीनं रविवारी तीनचाकीवर भाडं मारायला सुरुवात केली आहे. एबोच्या बापानं त्याला मारलं, आणि पुढच्या सामन्याला बघायला आला.

पुन्हा खेळवलेला सामना एक-एक सुटला. क्वामेना आणि एजिर्बा मैदानाच्या दोन टोकांना उभे होते आणि सामना संपल्यावर त्यांनी हात मिळवले नाहीत. ओटू मास्तरांनी तेही नोंदवलं म्हणतात.

त्या सामन्यात पेशन्स बेबीजवर गोल झाला तो डाव्या बाजूनं. एबो पुढे धावत गेला आणि परत आलाच नाही. एजिर्बानं रेषेवर पाय आपटला.

"एबो! तिकडे काय तुझं सासर आहे? मागे ये!"

लाइन्समननं तिला रेषेच्या मागे जायला सांगितलं. ती एक पाऊल मागे गेली आणि तिथून ओरडायला लागली.